सांगतों मग

आंधळ्याची लोकांना कींव येते, बहिऱ्याचें मात्र हंसूं येतें. आपल्या फार्सांतून आणि तमाशांतून बहिरा येतो तो उलटीं उत्तरें देण्यासाठींच. माझी त्याला हरकत नाहीं. मीही पुष्कळदां हंसलों आहें, अर्थात् कान शाबूत होते तेव्हां.

भिवंडीला एका यंत्रमागाच्या कारखान्यांत मीं बावीस वर्षें हिशेब लिहिले. कारखान्यांच्या नियमांप्रमाणें आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो. मागांच्या रांगेंत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. माझें ऐकणें हळूहळू उणावत गेलें, पण तिथें तें कोणाच्या ध्यानांतच आलें नाहीं. त्या खडखडाटांत धडधाकट कानांचे विणकरही ओठ पाहून आणि हातवारे करूनच बोलत. बहिरा म्हणून माझी ओळख झाली ती घरीं, शांत दिघाशींत.

ऐकूं येत नाहीं म्हटलें कीं लोक ओरडतात. ओरडतांना ओठ वेडेवांकडे होतात आणि वाचतां येत होतें तेंही वाचतां येत नाहीं. शिवाय मराठी ओठांवर अर्धीच उमटते. ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ डोळ्यांना एकच. ‘क’ आणि ‘ग’ तर गळ्यापाशींच राहतात. ‘पाय’, ‘माय’ आणि आमच्याकडे बायकांना आदरानें म्हणतात तें ‘बाय’, यांतलें कोण आजारी आहे आणि काय दुखतें आहे, हें मागच्यापुढच्या शब्दांवरून ताडावें लागतें. कानांतलें यंत्र मदत करतें खरें. पण पावसांत पत्र्यांचा ताशाही तें तितक्याच इमानानें मोठा करतें. 2020 सालीं सर्वांच्या तोंडावर मास्क आले आणि उरलेली अर्धी मराठीही झांकली गेली. एस. टी.चा कंडक्टर, औषधांचा दुकानदार, दवाखान्यांतील परिचारिका, सारीं माणसें म्हणजे नुसते डोळे!

भारतीय खुणांच्या भाषेचा 10,000 शब्दांचा कोश 2021 सालीं प्रसिद्ध झाला. जन्मापासून बहिरीं असलेलीं माणसें त्या भाषेंत तासन् तास गप्पा मारतात. मीही ती शिकेन. पण भाषेला निदान दोघें तरी लागतात.

घरचीं माणसें प्रेमळ आहेत. रात्रीं चौघें तासभर बोलतात, मधूनच हंसतात, आणि मीं ‘काय झालें?’ म्हणून विचारलें कीं उत्तर येतें, ‘कांहीं नाहीं,’ नाहींतर ‘सांगतों मग.’ तें ‘मग’ क्वचितच उगवतें. आत्या वारली तेव्हां मला दोन शब्द मिळाले: ‘आत्या गेली.’ ती कशी गेली, शेवटीं कोणाला विचारीत होती, हें बाकीच्यांनीं एकमेकांना रात्रभर सांगितलें. बहिऱ्याच्या वाट्याला नेहमीं सारांश येतो.

पावसाळ्यांत वीज गेली कीं ओठही दिसेनासे होतात. मग नऊ वर्षांची नात माझा तळहात ओढून घेते आणि त्यावर बोटानें अक्षरें काढते. शब्द संपला हें कळावें म्हणून वरून आडवी रेघ ओढते. सारांश कसा करावा हें तिला अजून ठाऊक नाहीं. कोण काय म्हणालें, मग कोण रागावलें, आई कशी हंसली, सगळें लिहीत बसते. परवां वीज आली तेव्हां तिचें वाक्य अर्धेंच झालें होतें. तिनें हात सोडला नाहीं.