गेलेले आटे

"याच्या डोक्याचा स्क्रू ढिला आहे" असं आपण कुणाबद्दलही सहज बोलून जातो. खरं तर ढिला स्क्रू परवडला! पाना घेतला, आवळला, झालं काम. पंचाईत होते ती आटे गेल्यावर. मग कितीही आवळा, तो आपला जागच्या जागी गोल फिरत राहतो.

दिवाळीत सेलूला गेलो (आमचं सेलू वर्धा जिल्ह्यातलं बरं का, परभणीकडचं नव्हे) तेव्हा बाबांच्या मारुती ८००चं हेच झालं होतं. गाडी २००९ची. पंधरा वर्षं भरली तेव्हा बाबांनी तपासणी करून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. हौस म्हणून नाही. आईला दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं आणि गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही.

कुठल्याशा गॅरेजात कुणीतरी मधल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग तिरका धरून पान्याने दामटला होता. प्लग पोलादाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अशा कुस्तीत कोण हरणार हे ठरलेलंच. आधी इंजिन फटफट आवाज करायला लागलं, मग एक दिवस प्लगच आटे घेऊन बाहेर आला.

धाकट्याचा पुण्याहून फोन. "दादा, नवीन हेड टाकण्याइतकी तरी त्या गाडीची किंमत आहे का? भंगारात दे."

हिशोब चूक नव्हता. पण बाबा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. उठले आणि फडकं घेऊन बंद गाडी पुसायला लागले. गाडी गेली की आईच्या प्रत्येक तपासणीसाठी कुणाला तरी फोन करायचा, त्याच्या सवडीची वाट बघायची. हे त्यांना जमणारं नाही, मला ठाऊक होतं.

गावातल्या मिस्त्रीने टॉर्च मारून आत पाहिलं. "हेड नाही गेलं जी, चुडी गेली. चुडीसाठी घर मोडता का?"

त्याने नागपूरहून हेलिकॉइलचा संच मागवला. स्टेनलेस स्टीलच्या तारेची ही स्प्रिंग १९३०च्या दशकात निघाली आणि पुढे विमानांच्या इंजिनांत खूप वापरली गेली. गंमत अशी की ती बसवायची तर आधी उरलेसुरले आटेही काढून टाकावे लागतात. प्लगचं माप १४ मिलिमीटर, दर सव्वा मिलिमीटरला एक आटा. त्याहून मोठा टॅप मारून नवे, रुंद आटे पाडायचे आणि त्यात स्प्रिंग फिरवत बसवायची. स्प्रिंगच्या आतल्या बाजूला पुन्हा तेच १४चं माप मिळतं.

धोका एकच. किस सिलिंडरमध्ये पडला तर इंजिनच ओरबाडायचं. अ‍ॅल्युमिनियमचा किस लोहचुंबकालाही चिकटत नाही. म्हणून त्याने टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, बाहेर काढून पुसायचं, पुन्हा ग्रीस. दोन तास हेच चाललं होतं. शेवटी स्प्रिंगच्या टोकाला असलेली छोटी शेपटी लांब पकडीने मोडून काढायची होती. ती आत पडली असती तर सगळंच मुसळ केरात. ती पकडीत बाहेर आली तेव्हा बाबांनी माझा दंड सोडला. कधी धरला होता ते त्यांनाही कळलं नसावं.

"आता पहिल्यापेक्षा पक्की," मिस्त्री म्हणाला. बढाई नव्हती ती. नवे आटे जास्त रुंदीच्या धातूला धरतात, आणि प्लग दर वेळी काढताना-घालताना झीज सोसायला आत पोलाद असतं.

नवा प्लग त्याने बाबांच्या हातात दिला. "काकाजी, हातानंच फिरवा. हातानं जात नसन तर पाना लावायचाच नाही." प्लग बोटांनी शेवटपर्यंत गेला. मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा, बस्स.

एक मात्र मनात राहिलं. बिघडलेलं सावरताना आपण जे थोडंफार उरलं आहे तेच घट्ट धरून ठेवतो आणि त्यावर आणखी जोर लावतो. कधी कधी तेही मोकळं करून, थोडी जास्त जागा देऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. आणि ती हाताने.

धाकट्याला इंजिनचा आवाज फोनवरून ऐकवला. "चालतेय की!" म्हणाला. मग जरा थांबून, "बाबांना दे ना फोन."

पुढच्या महिन्याची तपासणी बाबांनीच नेऊन आणली.