सहीपूर्वीचा प्रश्न

सीमाभागात वकिली करताना एक प्रश्न वारंवार कानी येतो : ‘वकीलसाहेब, सही करून बसलो, आता काय?’ तो मी प्रथम ऐकला माझ्या आत्याच्या तोंडून. तेव्हा मी नुकतीच सनद घेतली होती.

आजोबांच्या पश्चात ‘वारसा लावायचा आहे’ एवढेच सांगून तिची सही एका कानडी कागदावर घेण्यात आली. आत्या मराठी शाळेत शिकलेली. कानडी बोले, पण वाचता येत नसे. तो कागद शेतजमिनीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र होता. खरे कळल्यावरही ‘भावाशी वाकडे नको’ म्हणून ती पाच वर्षे गप्प राहिली. असा दस्त रद्द करून मागण्याची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून ३ वर्षांची. ती टळली होती. तो भाऊ म्हणजे माझे वडील. आणि त्याच शेतीच्या उत्पन्नावर मी कायदा शिकलो.

म्हणून सांगतो : जमीन वा वारशाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो विश्वासू माणसाकडून आपल्या भाषेत समजून घ्या आणि वकिलाला दाखवा. समन्स आल्यास त्याच आठवड्यात वकील गाठा. दिवाणी दाव्यात लेखी कैफियतीची मूळ मुदत ३० दिवसांचीच असते. पैशांची अडचण असल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही.

कानडीशी आपले वैर नाही. न समजलेल्या कागदावर मात्र नातलगाच्या शब्दाखातरही सही करू नये.