तुरीच्या दाण्याएवढं मलम

आमच्या घरात एक वस्तू अशी होती, की तिला हात लावायचा तो फक्त पुढून. मागून नाही, आणि आतून तर नाहीच नाही. ती वस्तू म्हणजे आमचा संगणक.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि वर्ग घरातून घ्यायची वेळ आली. तेव्हा शिकवण्यांच्या साठवलेल्या पैशांतून मी तो नांदेडहून जुनाच विकत आणला. माझ्या कमाईची घरातली पहिली मोठी वस्तू! तासिकेवर शिकवणाऱ्या बाईची कमाई ती काय असणार, हे मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून त्याच्यावर माझा भारी जीव. रोज कोरड्या फडक्याने पुसायची, वर स्वतः विणलेलं झाकण घालायची. पण आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. लग्नाआधी २००६ साली मी एमएससीआयटी केलं होतं. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली निघालं आणि त्याच्या या अभ्यासक्रमामुळे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी मुलींनी पहिल्यांदा की-बोर्डला बोट लावलं. पण डबा उघडण्याचा विचार मनात कधी आलाच नाही. ते काम पुरुषांचं, असं कुणी न सांगताच ठरून गेलं होतं.

गेल्या एप्रिलमध्ये या लाडक्याने दगा दिला. वार्षिक परीक्षेचे गुण भरायचे दिवस. भोकरचं ऊन तर असं, की दुपारी नळाचं पाणीसुद्धा हाताला चटका देतं. संगणक लावला की दहा मिनिटं चालायचा, आतली घरघर वाढायची आणि फट्‌कन बंद! थोड्या वेळाने लावला की पुन्हा तेच. दोनदा माझे अर्धे भरलेले गुण गेले.

ह्यांनी तो एस. टी.त घालून नांदेडच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "बोर्ड गेला. सात हजार लागतील. त्यापेक्षा नवाच घ्या." हे डबा तसाच परत घेऊन आले आणि म्हणाले, "भंगारात देऊन टाकू. तुझं काय असेल ते मोबाईलवर करत जा."

सात हजार म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. जूनमध्ये लेकीची फी भरायची होती, तेव्हा हट्ट कुठल्या तोंडाने धरणार? मी मुकाट्याने भाकरी थापायला बसले. पण डोळे काही ऐकेनात. धुराचं निमित्त सांगावं तर गॅसला कुठला आलाय धूर!

रात्री पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "अक्का, बोर्ड गेला असता तर दहा मिनिटंसुद्धा चालला नसता बहुतेक. तो तापत असेल. सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहा आणि तापमान किती दाखवतो ते मला सांग."

दाबलं. निळ्या पडद्यावर आकडा होता ८४, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो ९० झाला, ९३ झाला. आपण ताप १०२ झाला की घाबरतो, पण तो फॅरनहाइटमध्ये. हे सेल्सिअस होतं. पाणी उकळायला थोडंच कमी!

मग भावाने समजावलं ते असं. संगणकाचं सगळं डोकं म्हणजे प्रोसेसर, बिस्किटाएवढी चौकोनी वस्तू. काम करताना तो तापतो. ती उष्णता ओढून घ्यायला त्याच्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो आणि ठोकळ्यावर पंखा. प्रोसेसर फार तापला की आधी काम मंद करतो, तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो. म्हणजे आमचा संगणक बिघडून बंद पडत नव्हता, बिघडू नये म्हणून बंद पडत होता!

"पण पंखा तर फिरतोय की रे," मी म्हटलं.

"फिरत असेल. पण प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक मलम असतं, थर्मल पेस्ट. ते वाळलं असणार."

मला नवल वाटलं. दोन सपाट धातू एकमेकांना चिकटून बसलेत, मध्ये मलम कशाला? तर म्हणे, आपल्याला आरशासारखे दिसणारे हे पृष्ठभाग बारकाईने पाहिले तर खडबडीत असतात. दोन्ही मोजक्याच ठिकाणी टेकतात, बाकी फटींत हवा अडकते आणि हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. तांब्यातून उष्णता हवेपेक्षा हजारो पटींनी सहज जाते. आपली वाकळ थंडीत ऊब देते ती तरी कशामुळे? जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेल्या हवेमुळेच. थोडक्यात, मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये माझा संगणक वाकळ पांघरून बसला होता! मलम त्या फटी भरतं आणि हवेला हुसकून लावतं. पण तेही धातूइतकं चांगलं नाही, म्हणून त्याचा थर जाड नको. फटी भरण्यापुरताच हवा.

हे सगळं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "उघडलंस आणि काही झालं, तर मग मला सांगायचं नाही." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

शाळेच्या कामाने नांदेडला गेले तेव्हा दीडशे रुपयांची मलमाची पिचकारी आणली आणि औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. रविवारी हे एका लग्नाला गेले. मी पंख्याखाली चटई अंथरली. लेक बॅटरी धरून बसली, आत्याबाई पानाचा डबा घेऊन.

"काय करायलीस ग पोरी?" त्यांनी विचारलं.

"संगणकाची शिवण उसवतेय," मी म्हटलं. खरं तर हात थरथरत होते.

प्लग काढला. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावला. पंख्याची वायर सोडवली. ठोकळ्याच्या चार कोपऱ्यांच्या खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवल्या, वर ओढल्या आणि ठोकळा अलगद हलवत उचलला. एकदम ओढायचा नाही. काही बनावटींत वाळलेल्या मलमाबरोबर प्रोसेसरच उपटून येतो आणि त्याचे नाजूक पाय वाकतात. संगणक आधी पाचेक मिनिटं चालवला की मलम सैल होतं, हेही भावानेच सांगितलेलं. खाली पाहते तो मलम कुठलं? भिंतीच्या जुन्या चुन्यासारखे पोपडे! आणि पात्यांमध्ये धूळ आणि कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी.

मऊ सुती फडक्यावर अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजू लख्ख पुसल्या. आणि मग माझ्यातली सुगरण आड आली. पुरणपोळीवर तूप सोडावं तसं मी मलम सोडलं. चांगली अर्धी पिचकारी! ठोकळा बसवला, संगणक लावला आणि पडद्यावर पाहिलं. ७०... ७८... ८५... मी धावत जाऊन बंद केला. पोटात गोळा आला. लेक हळूच म्हणाली, "आई, आता बाबांना काय सांगायचं?"

तेवढ्यात आत्याबाई वाकून बघत म्हणाल्या, "एवढा चुना लावलास तर तोंड भाजंल की ग!" त्यांनी पानावर चुना लावून दाखवला, बोटाच्या टोकाएवढा.

भावाला व्हिडिओवर दाखवलं. तो म्हणाला, "जास्तीचं मलम दाबाने बाहेर येतं, त्याने पसारा झाला एवढंच. पण एक खुंटी बसलेली नाही. ठोकळा तिरका आहे, एका बाजूला टेकतच नाही. आता सगळं पुसून पुन्हा लाव. एकदा उचलला की जुन्या मलमावर परत बसवायचा नाही, मध्ये हवा अडकते."

पुन्हा पुसलं. या वेळी मधोमध तुरीच्या दाण्याएवढं मलम ठेवलं, बोटाने पसरवलं नाही. ठोकळा सरळ वरून टेकवला. एका कोपऱ्याची खुंटी, मग तिच्या समोरच्या तिरक्या कोपऱ्याची, म्हणजे दाब सारखा पडून मलम आपोआप चहूकडे पसरतं. टक्‌, टक्‌, टक्‌, टक्‌. चार आवाज मोजले, प्रत्येक खुंटी हळूच ओढून पाहिली. पंख्याची वायर आठवणीने जोडली.

आकडा ४६ वर आला, ५१ वर गेला आणि तिथेच थांबला. अर्धा तास आम्ही तिघी त्या ५१ कडे पाहत बसलो होतो. असं कौतुक मी लेक पहिल्यांदा चालली तेव्हाच केलं असेल.

पुढे भावाने सांगितलं, की ज्या सीडॅकने पुण्यात १९९१ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक घडवला, तिचाच परम ब्रह्म २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत बसवला, तेव्हा त्याला थंड ठेवायला द्रव खेळवायची सोय करावी लागली. म्हणजे मोठ्यांच्या घरीही दुखणं हेच, औषध तेवढं भारीतलं.

संध्याकाळी हे आले. मी लपवलं नाही. दोनदा करावं लागलं तेही सांगितलं. ह्यांनी डब्यावर हात ठेवला, गार लागला, तसाच थोडा वेळ ठेवला. बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, रागावले. सोमवारी माझे सगळे गुण भरून झाले.

मैत्रिणींनो, हमी शिल्लक असलेली वस्तू उघडू नका, आणि लॅपटॉपचं प्रकरण वेगळं, तिथे जाणकाराला विचारा. पण जुना डबा भंगारात देण्याआधी एकदा तापमान पाहा. मीठ किती, चुना किती, हे आपल्या हातांना कुणी शिकवावं लागत नाही. तोच हात इथे लागतो. मला अडवलं होतं ते अज्ञानाने कमी आणि भीतीने जास्त.

आणि ह्यांचं म्हणाल, तर पुढच्या आठवड्यात शेजारचे आपला संगणक बंद पडल्याचं सांगत होते. हे ओट्यावर बसले होते. मी आतून ऐकलं, "नांदेडला कशाला नेता? आधी आमच्या हिला दाखवा."