एसीच्या जाळीतला गणपती

मार्चमधल्या एका रविवारी एसीची जाळी काढून बादलीत बुडवली, तर पाणी ताकासारखं झालं. पुण्यात फ्लॅटवर राहायचो तेव्हा जाळीतून करडी लोकर निघायची. केस, धागे, रस्त्यावरची धूळ. इथे हमरापूरला निघतं ते प्लॅस्टर. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच बाबांचा गणपतीचा कारखाना आहे. ‘पेणचे गणपती’ म्हणून तुमच्याकडे येतात त्यातले कितीतरी खरं तर आमच्या हमरापूरचे, नाहीतर शेजारच्या जोहे, कळवे, तांबडशेतचे.

वर्क फ्रॉम होम सुरू झालं तेव्हा माझ्या खोलीत एक टनाचा एसी बसवला. पहिल्या उन्हाळ्यात काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, ऐन रिलीजच्या आठवड्यात, इनडोअर युनिटमधून पाणी टपकायला लागलं, ते थेट कीबोर्डवर. मेकॅनिक आला, वर न बघताच म्हणाला, ‘गॅस संपलाय.’ मी पैसे दिले. आठ दिवसांनी पुन्हा टप टप.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तोच फिरत असतो. कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. हे सगळं मी डिग्रीला शिकलो होतो. विचारायचं मात्र सुचलं नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं. एसी हवा थंड करतो तसं तिच्यातलं पाणीही काढून घेतो, म्हणून आतली कॉइल कायम ओली. आमच्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे पाणी जरा जास्तच. आता प्लॅस्टर म्हणजे काय? जिप्सम भाजून त्यातलं पाणी उडवलेली पूड. पाणी मिळालं की ती पुन्हा दगड होते. मूर्ती घासताना उडते ती धूळ आधीच घट्ट झालेल्या प्लॅस्टरची, ती फक्त चिकटते. पण गोणी फोडताना उडते ती कच्ची. ती जाळीतून निसटून ओल्या कॉइलवर बसली की तिथेच जमते. पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी पांढरा खडाच सापडला मला. एसीच्या पोटात गणपती घडत होता म्हणा ना.

तेव्हापासून उन्हाळा तापायच्या आत मी हे काम स्वतःच करतो. आधी एमसीबी खाली. जाळी साध्या पाण्याने धुवायची आणि सावलीत वाळवायची, उन्हात ती वाकडी होते. कॉइलच्या पात्यांवर मऊ ब्रश वरून खाली, आडवा मारला की पाती दुमडतात. नळीत मगभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय ना ते बघायचं. आउटडोअरसमोर ठेवलेल्या काथ्याच्या गोणी हटवायच्या, नाहीतर गरम हवा जाणार कुठे? आतला ब्लोअर आणि जेट पंपाचं धुणं मात्र मेकॅनिककडे. दुसऱ्या मेकॅनिककडे.

बादलीतलं ते पांढरं पाणी घेऊन मी मागे गेलो. बाबा पत्र्याखाली बसून मूर्ती घासत होते. पंखा बंद, कारण पंखा लावला की धूळ ओल्या रंगावर बसते. आमच्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश नोंदले गेले होते. पत्र्याखालचं कोणी मोजत नाही. मी बादली पुढे धरली.

‘हे भिंतीपलीकडचं आहे, बाबा. तुमच्या छातीत किती गेलं असेल?’

‘चाळीस वर्षं जातंय,’ ते म्हणाले आणि खोकले. मास्क घामाने भिजतो, श्वास लागतो म्हणून तो खुंटीला. तो खोकला घरात इतका जुना आहे की कॉलवर असताना मी सवयीने म्यूट दाबतो.

कारखान्यात एसी बसवता येणार नाही. चारी बाजूंनी उघडा, आणि बसवलाच तरी आठवड्यात जाम. भांडण होऊन एवढंच ठरलं की घासकाम सकाळी लवकर, मास्क लावून. आणि डोळ्यांची आखणी दुपारी माझ्या खोलीत. आखणीला धूळ नाही, फक्त हात स्थिर लागतो.

गंमत म्हणजे एसी जन्मला तोच रंगांसाठी. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. दमट हवेत कागद ताणायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. माणसांना गारवा मिळाला तो नंतर. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग बरोबर आहे.’

पहिल्या दुपारी मी कॉलवर, आणि मागे पाटावर अकरा मूर्ती, डोळ्यांविना. बाबांनी ब्रश उचलला, टेकवला, पुन्हा बुडवला. दहा मिनिटांनी वैतागले.

‘बंद कर ते. रंग ब्रशावरच वाळतोय.’

कोरडी हवा. मी रिमोट घेतला, चोवीसचे सत्तावीस केले, पंख्याचा वेग कमी केला.

‘आता?’

त्यांनी उत्तर दिलं नाही. श्वास रोखून ते डाव्या डोळ्याची रेघ ओढत होते. मी म्यूटवरच होतो.