शोधनिबंधाच्या प्रस्तावनेस

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय प्रस्तावने,

निबंध जमा करायची तारीख जवळ आली, की आमच्याकडे तुझ्या नावाखाली काहीही खपवलं जातं. ‘शहरीकरण ही जागतिक प्रक्रिया आहे.’ बीजिंगवरच्या निबंधालाही हे चालेल आणि बेलापूरवरच्याही. मुलं हुशार असतात, उन्हातान्हात गावोगाव फिरून मुलाखती घेतात आणि लिहायला बसली की परक्या आवाजात बोलू लागतात. फार वाईट वाटतं मला.

त्यांना मी एक निबंध वाचायला देते. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, 25 वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर वाचलेला. प्रश्न केवढा अवाढव्य आहे ते सांगून ते लगेच हद्द आखतात : जातीचा उगम, तिची यंत्रणा आणि तिचा प्रसार, एवढंच. पाठोपाठ सेनार, नेसफील्ड, रिझली यांच्या व्याख्या तपासतात. पुढे ज्ञानकोशकार झालेल्या केतकरांना योग्य तो मान देतात आणि मगच दाखवतात, की जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारं सदस्यत्व ही केतकरांची दोन लक्षणं मुळात एकच आहेत. तिथून त्यांचा स्वतःचा मुद्दा उभा राहतो : जातीचं मर्म अंतर्विवाहात, म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न करण्यात आहे. आधीच्यांना इतकं बारकाईने वाचल्याशिवाय अशी जागा सापडत नाही. ‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही’ असं बेधडक लिहिणाऱ्याने बहुतेक वेळा ग्रंथालयाची पायरी चढलेली नसते.

आमच्या दारातलाच विषय घे. 1970 साली नवं शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जानेवारी 1984 मध्ये या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात, उरण तालुक्यात पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. माझ्या विद्यार्थिनीला विचारायचंय, की त्या भूखंडांत घरातल्या बहिणींची नावं किती लागली. मग हा प्रश्न तुझ्या पहिल्याच पानावर यायला हवा, आणि मोबदल्याबद्दल आधी लिहिणाऱ्यांनी कुठवर मजल मारली तेही. जागतिक प्रक्रियेवाचून तिचं काही अडत नाही.

आणि तुला सगळ्यात शेवटी लिहिलं तरी चालतं, हे तिला कुणी सांगत नाही. निष्कर्ष हाती आल्यावरच कळतं, सुरुवातीला कशाची ग्वाही द्यायची. म्हणून सध्या तुझी जागा कोरी ठेवून मी तिला सातबारे आणि वारसनोंदी वाचायला पाठवलंय.

तुझी,
एक मार्गदर्शक प्राध्यापिका