नव्व्याण्णव टक्क्यांनंतरचं शिसं

पंधरा-वीस किलोव्होल्टचा विद्युतदाब दिला की सुईच्या टोकावरचा पॉलिमरच्या द्रावणाचा थेंब गोल राहत नाही, निमुळता होतो. या शंकूचं गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडलं. शंकूतून सुटलेली धार थोडी सरळ जाते, मग वेडीवाकडी भोवंडत समोरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसते. वाटेत द्रावक उडून जातो आणि केसाहून शेकडो पटींनी बारीक धागा उरतो. बघायला येणारे याला म्हातारीचे केस म्हणतात. म्हणू देत.

पावसाळ्यात मात्र हा धागा नखरे करतो. हवेतलं पाणी द्रावणात शिरतं, पॉलिमर सुईच्या तोंडाशीच थिजतो. जुलैत आमचा अर्धा वेळ हवा कोरडी करण्यात जातो.

आमचा धागा पॉलिअॅक्रिलोनायट्रिलचा, म्हणजे अॅक्रिलिक स्वेटरच्या जातीतला. पाण्यातलं शिसं गाळायला तो हवा, पण नुसता तो शिसं फारसं धरत नाही. हायड्रॉक्सिलअमाइनच्या द्रावणात तापवला की त्याच्यावर अमिडॉक्झिम गट तयार होतात, आणि त्यांतले नायट्रोजन-ऑक्सिजन शिसं, तांबं पकडतात. जास्त तापवला तर धाग्यांची चटई ठिसूळ होते. फिकट पिवळेपणा आला की थांबावं. घड्याळापेक्षा माझा डोळ्यावर भरवसा अधिक.

पण खरी कसोटी पाण्यात. पाणी अल्कधर्मी असेल तर शिसं आपोआपच साका होऊन खाली बसतं आणि श्रेय धाग्याला मिळतं. फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन आधीच जागा अडवतात. शिवाय ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलेलं शिसं वेगळं आणि दख्खनच्या बोअरच्या जड पाण्यातलं वेगळं. तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियमचीही गर्दी असते.

‘नव्व्याण्णव टक्के शिसं काढलं’ हे वाक्य म्हणून मला पुरत नाही. लिटरमागे १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली असेल तर १ मिलिग्रॅम उरलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे ०.०१. म्हणजे अजून शंभर पट! म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी उरलेला आकडा विचारते.

आणि पकडलेलं शिसं जातं कुठे? विरल नायट्रिक आम्लानं चटई धुतली की ती पुन्हा वापरता येते, पण शिसं त्या आम्लात उतरतं. ती बाटली घातक कचरा म्हणून कुणाच्या ताब्यात द्यायची, हे कागदावर नसेल तर गाळणीच्या प्रस्तावावर मी सही करत नाही.