मागच्या रांगेपर्यंत

सप्टेंबरातील मतमाउलीचा सण आमच्या गंगापूर परिसरातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांना नाताळापेक्षाही जवळचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की यांतील अनेक घरांना कुलपे लागतात. कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन माणसे उसाच्या फडावर जातात, ती उन्हाळ्यातच परततात. नाताळची मिस्सा फडाजवळ कोठे मिळाली तर मिळाली. म्हणून सप्टेंबरात काहीजण गोदावरी ओलांडून हरेगावच्या यात्रेला जातात, काही गावच्याच चर्चच्या पटांगणात जमतात. आणि त्या दिवशीच्या प्रवचनातले चार शब्द पुढे सहा महिने पुरवायचे असतात.

असाच एक सण आटोपल्यावर आम्ही ध्वनिक्षेपकाच्या वायरी गुंडाळीत होतो. आम्ही म्हणजे धर्मग्रामातील तिघेजण. माईक, मशीन आणि बॉक्स यांची जबाबदारी कोणी घेईना म्हणून ती आमच्या गळ्यात पडलेली. मागच्या रांगेतून उठून चाललेल्या एका आजींना आम्ही सहज विचारले, "आजी, कसं झालं फादरांचं प्रवचन?"

"झालं असंल चांगलं," त्या म्हणाल्या. "आम्हाला नुसता गलबला ऐकू आला, बाबा."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, हेच आम्हाला अधिक लागले. मागे बसणाऱ्याने ऐकू न येणे हे जणू गृहीतच धरलेले होते.

प्रभू येशू गालील सरोवराच्या काठी नावेत बसून लोकांना उपदेश करीत असे, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. पाण्यावरून आवाज दूरवर जातो हे त्या नावाड्यांना ठाऊक असणारच. आमच्या पटांगणाला सरोवर नाही. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होई, धर्मगुरू वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत, आणि भाविक जपमाळ ओढीत बसत. ऐकू येण्या-न येण्याचा प्रश्न तेवढा तीव्र नव्हता. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर झाला, मातृभाषेला वेदीवर जागा मिळाली, आणि भाविकांनी उपासनेत समजून-उमजून सहभागी व्हावे अशी अपेक्षा निर्माण झाली. मराठी मिस्सा मराठी माणसालाच ऐकू येत नसेल, तर त्या अपेक्षेचे काय?

आम्ही जे केले तेच बहुतेक धर्मग्रामांत केले जाते. आम्ही मोठे मशीन आणले. घरटी वर्गणी काढली आणि पूर्वीच्या दुप्पट शक्तीचा अँप्लिफायर घेतला. पुढच्या रांगांनी कानांवर हात ठेवले. मागे पुन्हा गलबलाच.

अखेर गंगापूरच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वयोवृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी मशीनकडे पाहिलेही नाही. "वायर कोणती लावता?" एवढेच विचारले. आम्ही म्हणालो, "चौदा-छत्तीस." ते हसले.

चौदा-छत्तीस म्हणजे छत्तीस नंबरच्या, केसासारख्या बारीक अशा चौदा तारांची वायर. घंटेला किंवा घरातल्या लहान स्पीकरला ती चालते. मशीनपासून आमचे मागचे बॉक्स ४० मीटरवर होते. विजेला जायचे आणि यायचेही असते, म्हणजे वायर मोजायची ती ८० मीटर. एवढ्या लांबीच्या चौदा-छत्तीसचा विरोध सुमारे ३.४ ओहम भरतो. आठ-आठ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की त्यांचा मिळून विरोध ४ ओहम होतो. म्हणजे मशीनमधून निघालेली जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच संपत होती. आणि वाढलेल्या विरोधामुळे मशीन मुळातच कमी शक्ती सोडीत होते. हेच बॉक्स मशीनशेजारी ठेवले असते तर जेवढे मिळाले असते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी त्यांच्या वाट्याला येत होते. मशीन दुप्पट केले तरी हे प्रमाण बदलत नाही. तेथे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असती, तर विरोध एक तृतीयांश ओहमहून थोडाच अधिक भरला असता आणि सहा भागांतले पाच भाग तरी पोहोचले असते. वर्गणीचे पैसे आम्ही चुकीच्या वस्तूवर घातले होते.

मग जाड वायर घ्यायला औरंगाबादेस गेलो (आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे). एका दुकानात स्वस्त मिळाली म्हणून आनंदाने एक मोठे बंडल उचलले. ते हाताला हलके लागले तेव्हाच शंका यायला हवी होती. घरी येऊन तार ब्लेडने खरवडली, तर लाल मुलाम्याखाली पांढरे अॅल्युमिनियम. त्याचा विरोध त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि वाकवता वाकवता तुटण्याची सवय निराळीच. दुकानदाराने परत घेतली नाही. पुढे भंगारवाल्यानेही ती तांबे म्हणून घेतली नाही. त्याची पारख आमच्यापेक्षा चांगली होती. ज्यांच्या पैशांतून ती घेतली त्यांत फडावर जाणारी घरेही होती, हे आठवले की अजूनही तोंड कडू होते.

कारागिरांनी दुसरी वाट सुचवली. आपल्या गावात वीज दुरून उच्च दाबाने येते आणि डीपीवर दाब उतरवला जातो. दाब अधिक म्हणून प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणून तारेतील नुकसान कमी. ध्वनिक्षेपकातही तसेच करता येते. मशीनच्या मागे १०० व्होल्टची जोडणी असते, आणि प्रत्येक कर्ण्यापाशी लहानसा ट्रान्स्फॉर्मर लावतात. अशा लाइनवर बेताची वायरही ४० मीटर सहज पेलते. तेव्हा आम्ही असे ठरवले: पुढे भजनासाठी बॉक्स, त्यांना आखूड पण जाड तांब्याची वायर, मागे प्रवचनासाठी कर्णे, १०० व्होल्टवर. कर्ण्यातून ढोलकी पत्र्यासारखी वाजते हे खरे, पण बोललेला शब्द स्वच्छ येतो, आणि आम्हाला शब्दच हवा होता.

परंतु १०० व्होल्टचा झटका बसतो, आणि सप्टेंबरात जमीन ओली असते. म्हणून जुनी जागोजागी जोडलेली वायर तेथे चालणार नव्हती. दुहेरी आवरणाची, मध्ये एकही जोड नसलेली दोन कोरची वायर घेतली आणि ती बांबूंवरून माणसाच्या डोक्यावरून नेली.

याविषयी आम्ही इतके दक्ष झालो त्याला एक प्रसंग कारण आहे. आमच्या स्पीकरच्या वायरींना दिव्यांच्या वायरींसारख्याच दोन पायांच्या पिना होत्या. खेड्यापाड्यांत सर्रास असतात. एका संध्याकाळी मदतीला आलेल्या एका मुलाने बॉक्सची पिन जनरेटरच्या बोर्डात खोचली. क्षणभर भयंकर आवाज, मग जळका वास. बॉक्समधली कॉइल गेली. त्याच वायरीचे दुसरे टोक बॉक्सपासून सुटून कोणाच्या हातात असते तर? मुलगा थरथरत उभा होता, आणि त्याला रागावण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नव्हता; पिना आम्हीच बसवल्या होत्या. त्यानंतर सर्व बॉक्सना स्पीकॉनच्या गोल, फिरवून अडकवायच्या पिना लावल्या. विजेच्या बोर्डात त्या शिरूच शकत नाहीत. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला, हेही तेव्हाच शिकलो. एका बॉक्सची टोके उलटी झाली की दोन बॉक्स एकमेकांचा आवाज खातात आणि मध्ये बसणाऱ्याला ढोलकीची थाप ऐकूच येत नाही.

पुढच्या सणाला आमच्यापैकी एकजण मशीनवर राहिला आणि दोघे मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. वाचन सुरू झाले. रिमझिम पावसातही शब्द न् शब्द येत होता. मिस्सा संपल्यावर त्या आजी दिसल्या, तेव्हा विचारल्यावाचून राहवले नाही.

"आलं की ऐकू," त्या म्हणाल्या. "पण लई लांबवलं फादरांनी."

हे आम्ही फादरांना अद्याप सांगितलेले नाही.